डोंगराचं घड्याळ

प्रिय ठोक्या,

तुला या नावाने हाक मारणारा आता मी एकटाच उरलोय. बाकीच्यांचा तू बाबा, आजोबा, नाहीतर गल्लीतले घड्याळजी. दीड वर्ष झालं, आपण एकमेकांशी एक अक्षरही बोललो नाही. चूक कोणाची, हे मला गेल्या महिन्यापर्यंत पक्कं ठाऊक होतं. आता तसं राहिलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे. फाडायचं असेल तर सगळं वाचून मग फाड.

आज सकाळी खिडकीत बसलो होतो. डोंगरावरचं धुकं हळूहळू वर सरकत होतं आणि आधी धाकटा दिसला, मग त्याच्या मागे थोरला. ही नावं आपणच ठेवलेली, नकाशात भलतीच असतील. आपली पहिली चढाई आठवते? मी छापखान्यातून आणलेली कॅनव्हासची पिशवी खांद्याला अडकवून आलो होतो आणि तिच्यात पाण्याच्या बाटलीपेक्षा जड असं शाळेतलं कवितांचं पुस्तक होतं. तू ते हातात घेऊन तोललंस आणि म्हणालास, कविराज, हे काय वर गेल्यावर खायचं आहे? त्या दिवसापासून माझं बारसं झालं. तुझं मी आधीच केलं होतं, कारण तू बोलायचास ते घड्याळाच्या ठोक्यासारखं. मोजकं, आणि एकदा पडलं की पुन्हा नाही.

जंगलात शिरलं की मला काय व्हायचं ते तुला माहीत आहे. वरती फांद्यांचं छत, खाली ओलसर पालापाचोळा, कुठेतरी एकच पक्षी एकच ओळ घोकत बसलेला, आणि मी थेट चौथीच्या वर्गात. आमचे मास्तर टेबलावर पट्टीने ताल धरून कविता म्हणून घ्यायचे. सगळा वर्ग डुलायचा. त्या कविता माझ्या डोक्यात नाहीत रे, पायांत आहेत. पाय चालू लागले की त्या ओठांवर येतात. चढताना दम लागतो म्हणून मी गप्प असायचो. उतरताना मात्र प्रत्येक ओढ्यावर माझी मैफल. पहिल्या ओढ्यावर छोटी, दुसऱ्यावर हातवाऱ्यांसकट, आणि तिसऱ्यावर ती आठ कडव्यांची लांबलचक. तू दगडावर बसून काठीने ताल धरायचास. कविता तुला कळायची नाही, हे तू शंभरदा सांगितलंस. एकदा म्हणालास, या कवीला घरी कोणी वाट बघणारं नव्हतं वाटतं. पण वीस वर्षांत एकदाही म्हणाला नाहीस, की पुरे, पाय उचल.

एकदाही. हे मला कधी नवल वाटलं नाही, याचंच आता नवल वाटतं.

तुझे नियम मात्र कडक. मोबाइल घरी ठेवायचा. मला घड्याळ बांधायची मुभा नाही, कारण मी चावी द्यायला विसरतो आणि मग बंद घड्याळाशी हुज्जत घालतो. वेळ फक्त तुझ्याकडे. आणि मोठा नियम म्हणजे एकचा. एक वाजला की जिथे असू तिथून मागे फिरायचं. पुढच्या वळणावर शिखर असलं तरी. साडेपाचची शेवटची बस चुकता कामा नये. फिरलो की तू घड्याळ खिशात टाकायचास आणि म्हणायचास, उतरताना वेळ बघू नये, घसरायला होतं. मी ते खरं मानलं. तुझ्यासारख्या माणसाने घड्याळाबद्दल सांगितलेलं मी खरं मानणार नाही तर काय!

मग तो थोरल्याचा रविवार. तीन वेळा हुकलेलं शिखर. चौथ्या खेपेला आपण त्या दुभंगलेल्या कातळाच्या वळणावर पोचलो आणि झाडं संपली. वर नुसतं गवत, निळं आकाश आणि दगडांची ती छोटी रास. वीस मिनिटांची वाट, असं तूच म्हणालास. वरून पलीकडचं तळं दिसतं म्हणून ते बघायची हौस माझ्यापेक्षा तुलाच जास्त होती. आणि तू घड्याळ काढलंस आणि म्हणालास, एक वाजला.

मी काय काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. घड्याळाच्या डबीत डोळा घालून घालून तुझा जीवही तेवढाच झालाय, असं मी म्हणालो. तू काठी उचललीस आणि उतरायला लागलास. मी मागून पाय आपटत आलो. एकाही ओढ्यावर थांबलो नाही. तिसऱ्या ओढ्यावर तू दगडावर टेकलास, क्षणभर वाट पाहिलीस, आणि मी तोंड फिरवून पुढे गेलो. खाली थांब्यावर आलो तर बस नाही. बाकाच्या दोन टोकांना दोघे बसलो, मध्ये तुझी पिशवी. किती वेळ बसलो! चहाच्या टपरीवाल्याने विचारलंसुद्धा, आज लवकर कसे? तेव्हा मला वाटलं, रागात वेळ लांबत असावा.

त्यानंतर दोन महिन्यांत तुझा गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, आणि मुलगा तुला त्याच्या गावी घेऊन गेला. सपाट गाव आहे म्हणे, गच्चीवरूनही डोंगर दिसत नाही. तुझी गाडी निघाली तेव्हा मी याच खिडकीत उभा होतो. खाली आलो नाही. तू वर पाहिलं नाहीस. दोघेही कसले शहाणे!

आता गेल्या महिन्याचं. आमचं भिंतीवरचं घड्याळ अडखळायला लागलं म्हणून तुझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात नेलं. तुझी लेक तुझ्याच खुर्चीवर, तुझंच भिंग डोळ्याला लावून बसलेली. भिंतीवरची सगळी घड्याळं एकमताने सव्वादहा दाखवत होती. काचेच्या कपाटात कोपऱ्यात तुझं ते पांढऱ्या तबकडीचं मनगटी घड्याळ होतं, चामडी पट्टा झिजलेला. ते चालू होतं, आणि त्यात अकराला पाच कमी. जन्मभर मी प्रुफं तपासली, चूक दिसली की हात शिवशिवतो. म्हटलं, बाळ, हे पुढे गेलंय बघ. ती हसली. म्हणाली, काका, ते पुढे नाही गेलेलं, पुढे लावलेलं आहे. ते डोंगराचं घड्याळ. चाळीस मिनिटं पुढे. बाबांनी सांगून ठेवलंय, रोज चावी द्यायची पण काट्यांना हात लावायचा नाही.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. तिने पाणी दिलं आणि मग सगळं सांगितलं. आपल्या पहिल्या वर्षी तिसऱ्या ओढ्यावरच्या आठ कडव्यांपायी बस चुकली होती आणि आपण लाकडाच्या ट्रकमधून घरी आलो होतो. आमच्या फाटकात तुझी वहिनी रडवेली उभी होती. त्या आठवड्यात तू तिला शब्द दिलास, की पुन्हा बस चुकणार नाही. आणि तुझ्या लेकीने विचारलं की मग काकांना कविता म्हणू नका म्हणून सांगणार का, तेव्हा तू म्हणालास, त्याला नाही सांगणार, घड्याळाला सांगेन.

ज्या माणसाला गिऱ्हाइकाच्या घड्याळात अर्ध्या मिनिटाची गफलत खपली नाही, त्याने वीस वर्षं खोटं घड्याळ मनगटावर बांधलं! आणि जगाच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या मला ती सापडली नाही. घरी येऊन हिला सांगितलं, तर ही भाजी चिरता चिरता म्हणते, मला माहीत होतं की. वीस वर्षं? हो. मग सांगितलं का नाहीस? म्हणते, सांगितलं असतं तर तुम्ही चाळीस मिनिटं आणखी वर गेला असता.

खोटं कशाला सांगू, आधी मला रागच आला. थोरल्याच्या त्या वळणावर खरे वाजले होते बारा वीस. वीस मिनिटं वर, वीस मिनिटं खाली. शिखर आपल्या हातात होतं! दोन दिवस तणतणत होतो. मग तो बाक आठवला. बस आली नव्हती ती चाळीस मिनिटं आठवली. तू माझ्या कवितांसाठी राखून ठेवलेली, आणि मी फुरंगटून न वापरलेली. ठोक्या, तुलाही ते तळं बघायचं होतं रे. दर खेपेला तू तुझं शिखर सोडत होतास, माझी आठ कडवी पुरी व्हावीत म्हणून, आणि वर मी तुला डबीएवढ्या जीवाचा म्हणालो. या वयात कोणाचे पाय धरायची सवय राहिलेली नाही, पण तुझा तो नवा गुडघा धरून माफी मागतो. आणि माफीपेक्षा जास्त, आभार मानतो. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर दुपारी तू मला न सांगता दिल्यास.

गेल्या रविवारी तुझ्या लेकीबरोबर थोरल्यावर गेलो होतो. घड्याळ तिच्या मनगटावर. त्या कातळापाशी पोचलो आणि ती म्हणाली, काका, यात एक वाजला, पण खरे बारा वीस. जायचं का वर? वारा सुटला होता, गवत लवत होतं, दगडांची रास अगदी हाकेच्या अंतरावर. मी म्हटलं, एक वाजला म्हणजे वाजला. तिन्ही ओढ्यांवर थांबलो. तिसऱ्यावर मात्र काठीचा ताल नव्हता, पाचव्या कडव्यानंतर मी उठलो, आणि बाकीची तीन तशीच राहिली.

आता हे पत्र का, ते सांगतो. खाली बसमध्ये तुझ्या लेकीने तुझं ताजं पत्र वाचून दाखवलं. कविराजला सांगू नकोस, असं तू लिहिलं होतंस. ती म्हणाली, म्हणूनच सांगतेय. त्यात लिहिलं होतंस, डोंगराचं घड्याळ आता बरोबर लावून टाक, डोंगर संपले. ते घड्याळ मी तिच्या मनगटावरून काढून घेतलंय आणि आता ते माझ्या टेबलावर टिकटिकतंय. रोज चावी देतो, अजून विसरलेलो नाही. काट्यांना हात लावणार नाही आणि कोणाला लावूही देणार नाही. पुढच्या महिन्यात तू गुडघा दाखवायला इकडे येणार आहेस, हेही तिनेच फोडलं. त्या रविवारी सकाळच्या बसने चल. आपला तिसरा, सगळ्यात खालचा ओढा थांब्यापासून पाव तासावर आहे, वाट सपाट, मी पावलं मोजून आलोय. तिथवर जाऊ, दगडावर बसू, आणि घड्याळ तुझ्या हातात देईन. या खेपेला ते चांगलं दोन तास पुढे लाव. पाय फार वर जायचे नाहीत, पण दीड वर्षाच्या कविता साठल्या आहेत.

तुझाच, न मोजता बोलणारा,
कविराज