द्वारपालाचा खांदा

३ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ‘पोचलं, ठीक’ एवढ्या दोन शब्दांसाठी तू अख्खं पाकीट खर्ची घातलंस. पण सहा वर्षांच्या अबोल्यानंतर दोन शब्द म्हणजे भरभराटच म्हणायची.

बातमी अशी की आपला तो राजा-राक्षसांचा सिनेमा पुन्हा निघतोय. तिन्ही भागांचा डीव्हीडी संच, घरी बसून बघायला, आणि प्रत्येक भाग लांबवून. थिएटरात साडेतीन तास बसून लोक अवघडले होते, त्यांनाच आता साडेचार हवेत. घोड्यांचं चालणं अर्धं करा म्हणून ज्या दिग्दर्शकसाहेबांनी तेव्हा धोशा लावला होता, तेच आता एकही घोडा सुटता कामा नये म्हणतात. तेव्हा मी संकलनाला मदतनीस होते, या खेपेला सगळं माझ्याकडे आहे.

दुसऱ्या भागात किल्ल्याच्या दाराशी तुझा द्वारपालाचा प्रसंग होता, तोही परत घालायचं चाललंय. त्यात एक अडचण आहे, ती पुढच्या पत्रात लिहीन. तोवर गल्लीत बोलू नकोस. वहिनीला नमस्कार. रागाची मुदत संपली असल्यास कळवावे.

तुझी,
धाकटी

१० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. सहा वर्षांचे एकदम धरावेत.

बोलू नकोस म्हणालीस खरी, पण पत्र दुकानात उघडलं आणि समोर गिऱ्हाईक होतं. त्याची किल्ली घासून होईपर्यंत माझं सगळं सांगून झालं होतं. गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरचा न्हावी, तेव्हा पुढचं समजून घे.

तू विसरली असशील म्हणून आठवण देतो. पहिल्या खेळाला मी गल्लीतली चाळीस माणसं नेली होती. साडेतीन तास सगळे माझी वाट बघत होते आणि मी कुठल्याच दारात नव्हतो. वखारवाला म्हणाला की द्वारपाल बहुतेक चहाला गेला असेल. तेव्हापासून मला कुलूपवाला कोणी म्हणत नाही, लहान पोरंसुद्धा द्वारपालच म्हणतात. आणि कात्री कोणाच्या हातात होती, तर सख्ख्या बहिणीच्या. हौशी रंगभूमीवर वीस वर्षं काढलेल्या माणसाचं काम तुला पसंत पडलं नाही, हे मला लागलं होतं आणि अजून लागलेलंच आहे.

पण झालं गेलं. अडचण काय ती लवकर कळव. आवाज पुन्हा द्यावा लागला तर असावं म्हणून रोज सकाळी गुळण्या सुरू केल्यात. तुझी वहिनी म्हणते की सिनेमापेक्षा गुळण्याच जास्त लांबल्यात.

तुझा थोरला भाऊ,
आणि लवकरच द्वारपाल

१८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र दुकानात उघडू नकोस.

तुझं काम मला आवडलं होतं. कात्री लागली ती आईमुळे. चित्रीकरणाच्या दिवशी ती तुझा डबा घेऊन आली होती आणि म्हाताऱ्या बायका कमी पडल्या म्हणून कपडेपटवाल्यांनी तिला फाटकी शाल पांघरून गर्दीत उभं केलं, एवढं तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. तू पायरीवरून सांगतोस की किल्ला पडला, दार उघडणार नाही, उद्यापर्यंत आपल्यातलं कोणी उरणार नाही. सगळी गर्दी रडतेय. आणि दुसऱ्या रांगेत आई हसतेय, अगदी तोंडभर. कॅमेरा तुझ्या खांद्यामागून निघून एका दमात तुझ्या बाजूला येतो, त्यामुळे ती पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसते. पुन्हा घ्यायची सोय नव्हती. दार एकच होतं आणि त्याच संध्याकाळी ते जाळायचं होतं.

मी तिला सांगितलं तेव्हा ती घाबरली. आईनेच माझं वाटोळं केलं असं दादा म्हणेल, त्याला कळू देऊ नकोस, म्हणून तिने मला शपथ घातली. मीही म्हटलं, माझ्यावरच रागावू दे. ती जाऊन आता दोन वर्षं झाली, तेव्हा शपथ मोडते.

अडचण अशी. साहेब म्हणतात, प्रसंग घाला, पण ती हसणारी म्हातारी संगणकावर पुसून टाका. म्हणजे तू मिनिटभर दिसशील, आई दिसणार नाही. दुसरा मार्ग एकच आहे. सुरुवातीचे तीन सेकंद, जिथे नुसती गर्दी आणि तुझा खांदा आहे, ते उचलून त्याच भागाच्या शेवटी ठेवायचे, जिथे राजा जिंकून परत येतो. तिथे तिचं हसणं चपखल बसतं. पण एकच तुकडा दोनदा वापरला तर हे प्रेक्षक लगेच पकडतात. म्हणजे तू किंवा ती.

उरलेलं सगळं चित्रीकरण या कामानंतर नष्ट होणार आहे आणि बाहेर काही न्यायला सक्त मनाई आहे. दात पडल्यापासून फोटो काढताना आई तोंडावर हात धरायची, तुला माहीत आहे. हसणारी आई आपल्याकडे दुसरी कुठेच नाही. साहेबांना दोन्ही चालेल, मला मात्र ठरवता येत नाही. तू म्हणशील ते करीन. राग आला तर पत्राने पाठव, गप्प बसू नकोस.

तुझी,
धाकटी

२७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र घरी उघडलं. अर्ध्यावर चष्म्याने दगा दिला, मग पुढचं तुझ्या वहिनीने वाचून दाखवलं.

चार दिवस मी नुसता हिशेब करत होतो. पूर्ण मिनिट म्हणजे थोडंथोडकं नाही, शिवाय न्हाव्याने खुर्च्यांची सोयसुद्धा करून ठेवली आहे. अर्धं मिनिट मी आणि अर्धं आई असं जमेल का, हेही विचारून बघणार होतो.

मग आठवलं. आईने माझी एकोणीस नाटकं पाहिली आणि प्रत्येक वेळी मी मरताना ती पहिल्या रांगेत बसून हसली. मी विष प्यालो तेव्हा तर शेजारणीला कोपराने ढोसून, हा माझा, असं तिने सांगितलं होतं. शेवटी मंडळी तिला तिसऱ्या रांगेत बसवायला लागली. मला हे ठाऊक होतं. त्या दिवशी तिला गर्दीत बघूनही मी कोणाला काही बोललो नाही, कारण तिने बघावं असं मला वाटत होतं. तेव्हा वाटोळं केलं ते माझं मीच.

मला काढून टाक. तिला राहू दे. खांदा तेवढा नीट दिसू दे, तो माझा चांगल्या बाजूचा आहे.

सहा वर्षं तुझ्याशी धड बोललो नाही याची लाज वाटते. हे एकदाच लिहितोय, पुन्हा विचारू नकोस.

तुझा,
दादा

२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

संच पोचला. रविवारी न्हाव्याच्या दुकानात बसून दुसरा भाग पाहिला. चाळीसपैकी एकतीस आले, बाकीच्यांना मागचा अनुभव पुरला होता. तुझ्या सगळ्या घोड्यांना वखारवाला घोरत होता. पडद्यावर दार आलं की मंडळी माझ्याकडे बघायची आणि मी जमिनीकडे.

शेवटी ते तीन सेकंद आले. खांदा कोणी ओळखला नाही. वखारवाल्याने जागं होऊन विचारलं की द्वारपाल या खेपेलाही चहाला गेला का. पण आईला सगळ्यांनी ओळखलं. न्हाव्याने न सांगता मागे नेऊन पुन्हा लावलं, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने विचारलं की राजाला बघून आईंना एवढा आनंद झालाय होय.

मी सांगितलं की राजा त्या दिवशी आलाच नव्हता. समोर मी होतो.

सुट्टी मिळाली की ये. लोभ यापुढे न कापता पाठवावा.

तुझा,
खांदा