बाबांच्या बुटांसकट

ओस्लो, ३ नोव्हेंबर १९८३

चि. तारयेस,
अ. उ. आ.

फोन न करता पत्र का, ते तुला कळलंच असेल. आपला फोन बाबांच्या खुर्चीशेजारी आहे आणि त्यांचे कान माझ्या स्टुडिओतल्या यंत्रांहून तिखट आहेत.

त्यांच्या डाव्या हाताच्या शस्त्रक्रियेसाठी एकवीस तारीख मिळाली आहे. तळव्यात ओढली गेलेली करंगळी सरळ होईल म्हणतात, पण फिडलवर पूर्वीसारखी चालेल याची हमी कुणी देत नाही. पणजोबांची ती वरातीची धून आता फक्त बाबांच्या बोटांत उरली आहे. तू ट्रॅक्टर धरलास, मी यंत्रं धरली, फिडल कुणीच धरली नाही. म्हणून एकवीसच्या आत ती टेपवर यायलाच हवी.

अडचण मीच आहे. आठ वर्षांपूर्वी, रेकॉर्डिंगच्या नोकरीतल्या नव्या नवलाईत, ताल धरणाऱ्या त्यांच्या पायाचे ठोके मला टेपवर नको होते. मी त्यांना बूट काढायला लावले, पायाखाली गालिचा घातला आणि तारांपासून वीतभर अंतरावर दोन मायक्रोफोन लावले. जे निघालं ते पत्रा कापल्यासारखं. बाबांनी एकदाच ऐकलं, फिडलची पेटी बंद केली, आणि तेव्हापासून माझ्यासमोर एक सूर वाजवलेला नाही. तू एकदा विचारून बघशील का?

शिवाय मायक्रोफोन कोणते आणावेत, हेही ठरत नाही. लहान पडद्याचे बोटाएवढे असतात, बारीकसारीक सगळं खरंखरं टिपतात, पण गजाची खरखरही सोडत नाहीत. रिबनवाल्याच्या पोटात चॉकलेटच्या चांदीहून पातळ पट्टी असते. तो खरखर पोटात घालतो, पण कधी कधी चमकही गिळतो. माझी नुसती धरसोड चालली आहे.

तुझ्या मायेची आस असलेली,
आस्लाउगताई


बो, टेलेमार्क, ७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस गोठ्यातच तोंड लपवलं. शेवटी काल कॉफीच्या वेळी, वॅफलवर जॅम जरा जास्तच घालून, बाबांकडे विषय काढला. त्यांनी मला विचारलं, की ताईचा माझ्या पायाबद्दल काय विचार आहे, ते आधी कळू दे. मी आणखी जॅम पुढे सरकवला.

मग आपणहून म्हणाले, की लग्नात फिडलवाल्याच्या मांडीवर बसून कुणी ऐकत नाही. कान तारांना लावला तर घासणंच ऐकू येणार. वधू चर्चच्या पायऱ्यांवर असते, तिथवर जे पोचतं ती धून. एवढं बोलून तिसरा वॅफल घेतला. हो म्हणाले नाहीत, पण संध्याकाळी फिडल काढून पुसत बसले होते. तू रविवारी ये. नाही म्हणाले तर निदान मटण-कोबी खाऊन जा, वाळत चालली आहेस असं शेजारच्या गुनवोरकाकू म्हणतात.

तुझा आज्ञाधारक (कधी कधी),
तारये


ओस्लो, १० नोव्हेंबर

चि. तारयेस आशीर्वाद.

बाबांनी एका वॅफलमध्ये मला शिकवलं ते आठ वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं. दोन्ही आणते आहे. रिबनवाला फिडलपासून चांगला दीड हात लांब, तारांसाठी. लहान पडद्याची जोडी पार दाराशी, म्हणजे फिडलच्या खालच्या, गज न लागता आपोआप घुमणाऱ्या तारांचा झणकार, खोली आणि पाय, तिन्ही येतील. गालिचा नाही, बूट पायात. हे त्यांना आधीच सांगून ठेव.

आणि तुला बजावते आहे, मायक्रोफोन दिसला की फूऽ फूऽ करायची तुझी सवय गोठ्यात ठेव. एका फुंकरीत पट्टी फाटते आणि माझी नोकरी जाते. दारंही आपटू नकोस. रिबनवाला पुढून-मागून ऐकतो, कडेने बहिरा असतो, त्यामुळे लाकडाचा तडतडणारा स्टोव्ह त्याच्या कडेला येईल असं त्याचं टेबल सरकवून ठेव. बाकी मी भीतीने अर्धी झाले आहे, ते बाबांना सांगू नकोस.

अशीच साथ देत राहा.
ताई


बो, २४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

आधी चांगली बातमी. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. करंगळी सरळ आहे, चार महिने व्यायाम केला तर वाजवता येईल असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

त्या रविवारी रेकॉर्डिंग आटोपताच तू घाईने निघालीस. तीनदा वाजवूनही बाबा काहीच बोलले नाहीत म्हणून गाडीत रडत होतीस, मला खिडकीतून दिसलं. काल त्यांनी तू ठेवून गेलेली टेप मागितली. मध्ये एकदा मी कप उचलला तर हातानेच खाली ठेव म्हणाले. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितली, आणि मग कागद मागितला. उजवा हात धड आहे म्हणाले. सोबतचं पत्र त्यांचंच. मी वाचलेलं नाही, म्हणजे एकदाच वाचलं.

येत जा गं.
तारये


चि. आस्लाउगला आशीर्वाद.

मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. टेप ऐकली. तो मीच आहे.

तुला वाटतं, गालिच्यासाठी मी तुझ्यावर रागावलो. रागावलो होतो स्वतःवर. सत्तेचाळीस वर्षं वाजवून पोरीपुढे नाही म्हणायला तोंड उघडलं नाही, आणि वाईट वाजवलं. त्याची लाज वाटत होती. तुला सांगायला आठ वर्षं लागली, तेवढी लागायला नको होती.

तारयेने टेपच्या डब्यावर माझं आणि तुझ्या आजोबांचं नाव लिहिलंय. ते अपुरं आहे. आपल्याकडे धून ज्याच्याकडून आली त्याचं नाव लागतं आणि ज्याने घेतली त्याचंही. मी ती वडिलांकडून घेतली, त्यांनी त्यांच्या वडिलांकडून. त्याखाली मी पेनने लिहिलं आहे, की हाल्वोरकडून त्याच्या मुलीने, आस्लाउगने घेतली.

बाबा