शाळेची खुर्ची

दवनीवाडा, रविवार दुपार, नोव्हेंबर १९५३

काल मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, तंबूत सिनेमा पाहिला, तो काही केल्या डोक्यातून जात नाही. एका जुलमी हुकूमशहाची गोष्ट. शेवटी लोक महालात घुसले, त्याला सिंहासनावरून खाली ओढलं आणि तंबूत शिट्ट्या सुरू झाल्या. तेवढ्यात गावचे जुने जमीनदार, मालगुजार आले. मशीन थांबलं, सगळे उठून उभे राहिले. मीही. शाळेची एकुलती एक खुर्ची त्यांच्यासाठी मीच नेऊन मांडली होती, दरवर्षीसारखी. सरकारने मालगुजारी काढून घेऊन दोन वर्षं झाली, तरी.

ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शुरू से चलाओ." मशीनवाल्याने निमूटपणे पहिलं रीळ लावलं. पडलेला हुकूमशहा पुन्हा सिंहासनावर. सगळे पुन्हा खाली बसले.

शेजारच्या सीताबाईने विचारलं, "गुरुजी, हा तर पडला होता ना जी? मंग परत काऊन बसून राहिला?"

काय सांगणार होतो तिला? आपणच बसवला म्हणून? खुर्ची तर मीच वाहून नेली होती.

आज पुन्हा खेळ आहे. आत्ताच कोतवाल आला होता.

"गुरुजी, खुर्ची नेऊन राहिलो."

"नाही. सतरंजीवर जागा आहे म्हणून सांग."

"मालक नाराज होतील जी. तुमची बदली करतील."

"करू देत."

तो रिकाम्या हाताने परत गेला. तो बोलत होता तेवढा वेळ मी खुर्चीवरून उठलो नाही. अजूनही तिच्यावरच बसलो आहे.