गॅव्हिनोनं बसवलेला पंप

११ फेब्रुवारी, बुधवार

जीप परत दारात उभी आहे! ब्रेकला जोर देणारा जुना पंप गेल्यापासून पेडल दगड झालं होतं, म्हणून फ्लोरोनं धंदा बंद ठेवला होता. कंपनीचा पंप आपल्याला कुठला झेपायला — खाली त्रिनिदाद गावातल्या दुकानातून बाजारी आणला. बसवला गॅव्हिनोनं. आमच्या थोरलीचा धर्मबाप तो, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फ्लोरोचा कुंपाद्रे. त्यामुळे दुसऱ्या मिस्त्रीचं नाव काढायची सोयच नाही.

रीतीप्रमाणे कोंबडा कापला. सासूबाईंनी मान धरली, फ्लोरोनं सुरी चालवली. चाकांना रक्त लावलं, बंपरला लावलं. गॅव्हिनो म्हणाला, "इंजिनाला विसरू नका, खरी गरज त्यालाच!" मग बॉनेट उघडून पंपावर, नळ्यांवर, सगळीकडे शिंपडलं. कोंबडा आलं-पपई घालून शिजवला. गॅव्हिनोनं दोन वाडगे रस्सा ओरपला. त्याची बायको पुरिंग म्हणते, "बघा, बघा, जसं काही घरी मी उपाशीच ठेवते!" खूप हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली खेप. छपरावर कोबी, आत माणसं दाटीवाटीनं. मी नेहमीप्रमाणे फ्लोरोशेजारी, भाडं गोळा करायला.

अर्ध्या उतारावर सहज बघितलं, तर त्याचा पाय ताठ. पेडलवर जवळजवळ उभाच राहिला होता. कपाळावर घाम — आणि बाहेर कोबीवर दहिवर गोठलेलं!

"काय झालं?"

"काही नाही. नवीन आहे. रुळेल."

रुळेल म्हणे! चप्पल आहे का ती? मागे एक बाई मांडीवर बाळ घेऊन डुलक्या काढत होती. मी बाजारापर्यंत तिच्याकडे वळून बघितलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

म्हटलं, गॅव्हिनोला दाखवू या. फ्लोरो फिस्कारला — "कुंपाद्रेच्या कामावर बोट ठेवू? लाज आहे का काही?" लाज आहे. भीती जास्त आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ज्या दुकानातून पंप आणला त्या दुकानदाराला आज फ्लोरोच्या नकळत गाठलं. चांगला माणूस. हसला नाही. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "सोपं आहे, मनांग. इंजिन बंद ठेवून पेडल दाबत राहायचं, घट्ट होईपर्यंत. मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल आपोआप थोडं खाली गेलं, तर पंप ओढतोय. नाही गेलं, तर नाही." आणखी म्हणाला, पंपात इंजिनाचं तेल येतं, ते जाड नळीतून परत जायला हवं. नळी दबली की तेल तुंबतं आणि पंप बसतो. नळीभोवती ओल दिसते का बघा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे फ्लोरो कॉफी पीत होता, तेवढ्यात मी जाऊन करून बघितलं. पेडल खाली गेलं! अगदी लोण्यासारखं. जिवात जीव आला. उगीच त्या बिचाऱ्या गॅव्हिनोवर संशय घेतला, वाटलं.

हे सकाळी लिहिलं. पुढचं आता लिहितेय.

उतारावर पुन्हा तेच. पुन्हा ताठ पाय. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला — मी गार इंजिनावर बघितलं होतं! गार असताना सगळेच शहाणे. इंजिनात पाणी ओतायला थांबतो त्या वळणावर माणसं उतरवली आणि फ्लोरोला म्हटलं, आता कर. माझ्यादेखत कर. केलं त्यानं. पेडल तसूभर हललं नाही.

बॉनेट उघडलं. जाड नळीभोवती सगळं तांबूस-काळं. फ्लोरो म्हणाला, "रक्त आहे ते. हात लावू नकोस." आमच्याकडे ते रक्त पुसत नाहीत, पुसलं तर संरक्षण गेलं. मलाही ठाऊक आहे. पण कोंबडा कापला मागच्या बुधवारी! इतक्या दिवसांचं रक्त ओलं कसं राहील? कमरेला खोचलेलं फडकं काढलं आणि पुसलं. तेल! चक्क तेल. आणि ती जाड नळी हाताला शिजलेल्या दोडक्यासारखी मऊ लागली, मध्ये पार चपटी झालेली. इंजिनाची नळीच नव्हे ती. वाफ्यांना पाणी देतो ना आपण — ती!

पेडलनं दगा दिला की रोज झिरपणाऱ्या या तेलालाच कोंबड्याचं रक्त समजून आम्ही म्हणत होतो, देव आहे.

उरलेला उतार पहिल्या गियरमध्ये, रांगत उतरलो. घरी सासूबाईंनी फडकं बघितलं आणि छाती बडवली. "पुसलंस? पुसलंस तू?" फ्लोरो उठून जीपकडे निघून गेला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मीच गेले गॅव्हिनोकडे. त्याच्या गॅरेजमध्ये चार-पाच ड्रायव्हर बसलेले. असू देत, म्हटलं. फडकं त्याच्या नाकाखाली धरलं.

तो म्हणाला, "नळी ती नळी. वाकली असेल कुठेतरी."

"पाणी घालायची नळी आहे ती! उतारावर आम्ही मेलो असतो."

"कुमाद्रे, तुझ्या पोरीला बाप्तिस्म्याला मी हातात धरलं. आणि तू माझं काम फडक्यानं पुसून लोकांना दाखवतेस?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "एवढा भरवसा आहे ना स्वतःवर? मग नळी बदला आणि पहिली खेप तुम्हीच घेऊन जा खाली! का पाय लटपटतात?"

ड्रायव्हर हसले. एकानं शिट्टी मारली. गॅव्हिनो पांढराफटक पडला. पुरिंग आतून धावत आली, माझा दंड धरून मला रस्त्यावर काढलं. माझी एवढी मैत्रीण, आणि माझाच दंड धरते!

बरं वाटलं मात्र. खरं सांगते, फार बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज आला. न बोलावता. पुरिंग बरोबर, एकेक हत्यार त्याच्या हातात देत होती. खरी काळी तेलाची नळी, दोन्ही टोकांना नवे पट्टे. इंजिन चांगलं तापू दिलं, मग मीच पेडल दाबून बघितलं. खाली गेलं! पुन्हा केलं, पुन्हा गेलं. आता काम झालं, ते मी मान्य करते.

गॅव्हिनो फ्लोरोला म्हणाला, "चावी."

"राहू दे रे, कुंपाद्रे. बायका बोलतात."

"चारचौघांत बोलली. चावी दे."

फ्लोरो बरोबर बसायला निघाला, तर त्यालाही खाली उतरवलं. नुसती कोबी घेऊन एकटा निघाला. तरुणपणी याच रस्त्यावर ट्रक चालवायचा, वळण न् वळण पाठ आहे म्हणाला. पुरिंग दार धरून उभी होती. "निदान जेवून जा." "सोड," तो म्हणाला. बराच वेळ सोडलं नाही तिनं.

परत आला की कॉफी देईन. माफी मागणार नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गॅव्हिनो गेला. पाण्याच्या वळणाच्या खाली, जीपसकट. सगळ्या उतारावर कोबी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ब्रेक गेला, असं सगळे म्हणतायत. आणि हळू आवाजात — तिनं रक्त पुसलं. सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत नाहीत.

फ्लोरो दोर बांधून खाली उतरला होता. संध्याकाळी आला, हात न धुताच बसला. म्हणाला, "नळी जागच्या जागी आहे. कोरडी. पंपालाही काही झालेलं नाही. मिंगाय, रस्त्यावर टायर घासल्याची खूणसुद्धा नाही. त्यानं ब्रेक दाबलाच नाही."

का नाही दाबला? वळण पाठ होतं ना त्याला?

फ्लोरो रडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा बघितलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

पुरिंगकडे जायला पाय उचलत नाही. भात करून पाठवला. भांडं रिकामं परत आलं, निरोप काही नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

गेले. शवपेटीशेजारी तिच्याजवळ बसले. बायका प्रार्थना म्हणत होत्या. पुरिंग माझ्याकडे न बघता बोलली — "त्याला धड दिसत नव्हतं ग. वर्ष झालं असेल. समोरचं माणूस आवाजावरून ओळखायचा. काम हातानं चाचपून करायचा. ती नळीही चाचपूनच उचलली होती. कळलं असतं तर कुणी दुरुस्तीला गाडी दिली असती त्याला?"

म्हटलं, मग चावी कशाला मागितली? नाही म्हणायचं होतं. मला दोन शिव्या घालायच्या आणि नाही म्हणायचं!

ती म्हणाली, "नाही म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं."