फालुदा अंडं देणार

३० नोव्हेंबर, रविवार
पिल्लं दोन्ही जिवंत आहेत. मानसीने सकाळी उठल्या उठल्या खोक्यात डोकावून तसा दुजोरा दिला. दुजोरा देताना बायकोचा चेहरा बरा नव्हता, पण बातमी पक्की.
काल संध्याकाळी भांडुप स्टेशनजवळच्या बाजारातून आणली. एक गुलाबी, एक हिरवं. टोपलीवाल्याला स्पष्ट विचारलं, कोंबड्याच आहेत ना? तो म्हणाला, सब लेडीज है साब. माणूस प्रामाणिक वाटला. जान्हवीने (वय सात) गुलाबीचं नाव फालुदा ठेवलं. हर्षदने (वय चार) हिरवीचं चटणी.
तळमजल्यावर राहतो. मागे आपलं स्वतःचं चिंचोळं परस आहे. इतकी वर्षं तिथे मोडकी सायकल आणि पाण्याचं पिंप ठेवून आपण काय साधलं? संकल्प: शिमग्यापर्यंत अंडी आणि भाजी घरची. बाजार बंद.

४ डिसेंबर, गुरुवार
टोमॅटो, मेथी, पालक पेरले. यूट्यूबवर सगळं बघून घेतलंय, विषय हातात आहे. आई खुर्ची टाकून बघत बसली होती. कुडाळहून लग्न होऊन मुंबईला आली, पण बोली तिथेच राहिली. म्हणाली, मेथयेवर माती जास्त पडली, आणि ती पिलां कोंबे आसत. कोंबे म्हणजे कोंबडे! तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय. मनावर घ्यायला हवं.
मार्गशीर्षातला गुरुवार. तसंही सध्या घरात अंडी नकोच आहेत. घाई नाही.

१४ डिसेंबर, रविवार
चटणी गेली. बोका. पिंजऱ्याचं दार मी लावलं होतं. ते लागलं नव्हतं, हा दाराचा दोष.
मुलांना सांगितलं, चटणी माहुलला माझ्या मित्राकडे राहायला गेली, तिथली हवा चांगली आहे. मानसीने स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, अरे माहुलला रिफायनरी आहे, खोटं बोलायचं तर जरा बरं गाव तरी निवड. जान्हवी म्हणाली, व्हिडिओ कॉल लाव ना बाबा. म्हटलं, मित्राकडे रेंज नाही.
हे कौशल्य ऑफिसातलं. लिफ्ट मेंटेनन्स कंपनीच्या कस्टमर डेस्कवर उगाच केस पांढरे नाही केले. लिफ्ट बंद पडली की लोक फोनवर भडकतात. मी शांतपणे सांगतो, माणूस निघालाय. माणूस निघालेला नसतो, पण समोरच्याला बरं वाटतं. कोणालाही नाही म्हणायचं नाही. घरात हेच तत्त्व लावलं तर निम्म्या कटकटी संपतील.

१ जानेवारी, गुरुवार
नवीन वर्ष. संकल्प: रोज पहाटे उठून परसात एक तास. योगासनंही तिथेच.

२ जानेवारी
उशीर झाला. उद्यापासून.

११ जानेवारी, रविवार
फालुदाचा गुलाबी रंग उडाला, आता पांढरीशुभ्र झालीय. डोक्यावर लाल तुरा छान भरलाय. तब्येतीचं लक्षण. मेथी उगवली होती, ती फालुदाने खाल्ली. पालक उकरला. म्हणजे भाजी घरचीच वापरात आली, फक्त क्रम बदलला.
मानसी म्हणाली, सुबोध, तो कोंबडा आहे. म्हटलं, चांगल्या कोंबडीला तुरा असतोच. ती म्हणाली, आणि शेपटी? झाडांना पाणी घालायला निघून गेलो. झाडं नव्हती, मातीला घातलं.

१९ जानेवारी, सोमवार, पहाटे
फालुदा ओरडली! खणखणीत आवाज, शेवटी जरा घसरला. यूट्यूबवाला सांगतो, अंडं द्यायच्या आधी कोंबडी ओरडते. दिवस भरले म्हणायचे. टोपलीत सुकं गवत पसरलं. ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं, गावठी अंडी मिळतील, आधी नाव नोंदवा.

२० जानेवारी, मंगळवार
शेजारची दर्शना आली. नर्स आहे. नाइट संपवून सकाळी येऊन झोपते, आणि तिची खिडकी आमच्या परसावर. डोळे लाल. म्हणाली, दादा, रात्रभर वॉर्डात पेशंट हाका मारतात, घरी आले की तुमचा कोंबडा. एक तरी पार्टी गप्प करा ना. म्हटलं, कोंबडी आहे. ती म्हणाली, तुमची कोंबडी बांग देते दादा, पेपरात द्या.
मी शांत राहिलो. रविवारपर्यंत हलवतो म्हटलं. तिला बरं वाटलं. मलाही.

२५ जानेवारी, रविवार
शब्द पाळला. पिंजरा हलवला. दर्शनाच्या खिडकीखालून उचलून परसाच्या दुसऱ्या टोकाला. फरक पडायला हवा.

२६ जानेवारी
फरक पडला. आता आमच्याही खिडकीत ऐकू येतं.

१ फेब्रुवारी, रविवार
बरं. कोंबडा आहे. टोपलीवाल्याचा नंबर घ्यायला हवा होता.
पण अडचणीतून संधी काढायची असते. आई केव्हाची म्हणतेय, गावच्या राखणदाराची राखण द्यायची राहिली. आमच्याकडे शिमग्याच्या आधी घराण्याच्या नावाने देवाला कोंबडा देतात, मग घरचे सगळे प्रसादाला बसतात. आम्ही मुंबईत बसून नुसते पैसे पाठवतो आणि आई हळहळते. तिला म्हटलं, आई, यंदा आपण जाऊ आणि हाच देऊ. आपल्या हातचा. आई काहीतरी सांगत होती, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला.
दुपारी जान्हवी जवळ येऊन बसली. म्हणाली, बाबा, फालुदाला कोणी कापणार नाही ना? म्हटलं, वेडी आहेस का? हातसुद्धा लावू देणार नाही. प्रॉमिस. तिने माझा हात हातात घेऊन प्रॉमिस पक्कं करून घेतलं.
संध्याकाळी गेटवर दर्शना. तिला म्हटलं, या आठवड्यात नक्की.
ग्राहक तीन, तिन्ही समाधानी, कोंबडा एक. याला मॅनेजमेंट म्हणतात.

८ फेब्रुवारी, रविवार
आईला सांगायचं की जान्हवीचा जीव आहे त्याच्यावर. किंवा जान्हवीला सांगायचं की आजीच्या देवाचं काम आहे. दोन्हीपैकी एक आज करायचंच होतं. पण टोमॅटोला काठ्या लावायच्या राहिल्या होत्या. लावल्या. टोमॅटो अजून उगवायचाय, पण काठ्या तयार आहेत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
घरात बसवत नाही. उठलो, परसात गेलो, परत आलो, फ्रिज उघडला, बंद केला, पुन्हा परसात.
जान्हवी शाळेतून आली की दप्तर फेकून आधी तिथेच असते. फालुदा तिच्या मांडीवर चढून डोळे मिटतो. ती त्याला पाढे म्हणून दाखवते, चुकली तरी तो काही बोलत नाही. मीही आज मांडीवर घ्यायला गेलो. टोचला. रक्त आलं.
आईने कुडाळला मामाला फोन करून टाकला, येतोय म्हणून. मला विचारलं, बुकिंग केलंस मा? म्हटलं, झालंच. गाडीत कोंबडा घेतात का, ते बघायचंय. बुकिंगही बघायचंय.

१६ फेब्रुवारी, सोमवार
दर्शना रस्त्यात दिसली. मी फुटपाथ बदलला. तीही बदलली. म्हणाली, दादा, आठवडा कुठला ते सांगितलंच नाही तुम्ही. हसलो. ती हसली नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी जान्हवी युनिफॉर्म घालून परसात गेली आणि पिंजऱ्यात शिरली. दाराला आतून ओढणी गुंडाळली, वर गाठ मारली. फालुदा मांडीवर. काल आई फोनवर मामाला सांगत होती, मामीक म्हणा वाटप करून ठेव. वाटप म्हणजे रश्श्याचा मसाला. ते हिने ऐकलं. सात वर्षांच्या मुलीला वाटप कशासाठी करतात हे कळतं, याला घरातली माणसंच जबाबदार.
बाहेर ये म्हटलं. म्हणाली, मी बाहेर आले की तुम्ही त्याला नेणार. म्हटलं, अगं तो गावाला राहायला जातोय, मोकळी हवा. ती म्हणाली, चटणी गेली तसा?
म्हटलं, चटणी मजेत आहे.
मग दारात उभा राहून हर्षद म्हणाला, चटणीला बोक्याने नेली, आईने कधीच सांगितलंय. जान्हवी म्हणाली, गप रे, बाबांना सांगायचं नाही असं ठरलंय ना, त्यांना वाईट वाटतं.
मी मानसीकडे बघितलं. मानसी डबे भरत राहिली.
यावर सविस्तर बोलणार होतो, पण ऑफिसचा फोन आला. घाटकोपरला एक आजोबा लिफ्टमध्ये अडकलेले. म्हटलं, माणूस निघालाय. आजोबांचा मुलगा म्हणाला, तुमचा माणूस मागच्या वेळीही निघालाच होता. लाइन कट.
परत आलो तर आई गुडघे धरत धरत पिंजऱ्यासमोर लादीवर बसली होती. जान्हवीने जाळीतून सरळ विचारलं, आजी, तू फालुदाला मारणार? आई म्हणाली, माका खंय मारूचो आसा गो? तुझो बापूस म्हणालो, ह्योच देऊया. मी तेव्हाच सांगूक गेलंय, नारळ दिलो तरी राखणदार मानून घेता. पण तुझ्या बापाशीच्या कानाक फोन. मागीर माका वाटला, पोरगीक इचारून बोलता आसतलो.
जान्हवी म्हणाली, मला कोणी विचारलंच नाही. आई म्हणाली, माकाय नाय.
दोघी जाळीच्या दोन बाजूंना बसून माझ्याकडे बघत होत्या. फालुदासुद्धा.
तेवढ्यात भिंतीवरून दर्शनाचं डोकं वर आलं. अर्थात जागीच होती. म्हणाली, मी शनिवारी गावी चाललेय, साताऱ्याकडे. माझे बाबा, अंबादास, त्यांच्या कोंबड्या आहेत आणि कोंबडा गेल्या महिन्यात मेला. द्या की त्यांना. मानसीने आतूनच सांगितलं, जान्हवी ठरवेल. जान्हवीने अटी घातल्या: कापायचा नाही, ती स्वतः नेऊन सोडणार, आणि व्हिडिओ कॉल. दर्शना म्हणाली, रेंज फुल आहे गं बाई, ये बाहेर, मला झोपू दे.
गाठ तिने स्वतः सोडली.
हे सगळं मी चहा टाकून येईपर्यंत झालं. चहा कोणालाच नको होता.

२५ फेब्रुवारी, बुधवार
संकल्प: पुढच्या वेळी खात्रीच्या दुकानातून कोंबड्या आणायच्या. जेवताना बोलून दाखवला. हर्षदने पाणी मागितलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
उद्या सकाळी सहाला दर्शनाचा भाऊ प्रबुद्ध गाडी घेऊन येणार. मानसी आणि मुलं जाणार, रविवारी रात्री परत. आईला गाडी लागते, ती घरीच. देवासमोर नारळ ठेवून तिने मामाला कळवूनही टाकलं. गाडीत मला जागा होती, ती पिंजऱ्याला दिली.
जान्हवी आज माझ्याशी नीट बोलली. रागावलेली नाही. रागावली असती तर समजूत काढता आली असती. तिने फक्त दोन वेळा विचारलं, गाडी सहालाच येणार ना, आणि दोन्ही वेळा मानसीला विचारलं.
पिंजरा गाडीत चढवायचं काम माझ्याकडे आहे. मी म्हटलं, काळजी करू नकोस, त्याला समजावून सांगून नीट बसवतो.
ती म्हणाली, बसव बाबा. पण त्याला काही प्रॉमिस नको करूस.