मामांच्या झाडाचं फळ जिंकलं

नैरोबी, रविवार

आदरणीय करीथीमामांना भाची न्याविराचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? शेळ्या आणि मधमाश्यांची पोळी ठीक असतीलच. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त पाय जमिनीवर टेकत नाहीत. कारण मामा, आपण जिंकलो.

तुमच्या झाडाची मुरातिनाची फळं घेऊन मी मटाटूत बसले खरी (फळांनी दोन माणसांची जागा घेतली, शिवाय एक कंडक्टरच्या पायावर पडलं), पण थिकाच्या अलीकडे पोलिसांनी गाडी अडवली. या फळाने त्याच नावाची मधाची दारू आंबवतात हे साऱ्या मुलखाला ठाऊक, तेव्हा हवालदाराने मला खाली उतरवलं. मी कर्करोगाच्या संशोधनाचं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, इथे अडवलेला प्रत्येक जण औषधच नेत असतो." शेवटी मागच्या सीटवरच्या एका आजीबाईंनी त्याला विचारलं की, मांडीवर फळं मांडून भर दुपारी पोलिसांसमोरून जाणारी दारूवाली तू कधी पाहिलीस का? त्याने फळं परत दिली, संशय मात्र स्वतःकडेच ठेवला.

इकडे प्रयोगशाळेत ओवुओरसर (तेच, ज्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की फळ तपासायचंय की गाळायचंय) बजावून बसले होते की महिनाअखेर काही दिसलं नाही तर विषय बंद. मी फळं वाळवली, दळली, अर्क काढला आणि काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशींवर घातला. सकाळी पाहते तर सगळ्या मेलेल्या. मी नाचले. मग अर्क न घातलेली बशी पाहिली, तर तिच्यातल्याही मेलेल्या. (वीज जाऊन उबपेटी थंड पडली होती.) सरांनी नुसता खांदा थोपटला. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग उबपेटीला जनरेटर जोडून पुन्हा केलं, आणि खात्रीसाठी पुन्हा. दोन्ही वेळा साध्या बशीत पेशी मजेत वाढत होत्या आणि आपल्या बशीत नुसते मुडदे. अर्कातले पदार्थ वेगळे केले, तर एकटा पिवळा पदार्थ हा पराक्रम करतोय, आणि निरोगी पेशींच्या वाटेला फारसा जात नाही. सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून इतका वेळ बसले की मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "मामांना माझा नमस्कार कळव." विषय चालू राहणार, मामा. आणखी दोन वर्षं.

तुमची
न्याविरा

ता. क. : पत्राचं खरं कारण हे. मामींचा फोन आला होता. मी फळं नेली तेव्हाच तुम्ही फाटकावर 'कर्करोगावर मुरातिना' अशी पाटी लावलीत म्हणे, आणि शेजारच्या वांगेचीकाकू छातीत गाठ असून इस्पितळ सोडून रोज शिंगाचा पेला भरून दारू पितात. मामा, बशीतल्या पेशी साबणानेही मरतात. याचं औषध व्हायला कितीतरी वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही. पाटी आजच काढा. मंगळवारी मी गाडी घेऊन येते, काकूंना तपासायला नेऊ. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलंय. तुमचं ऐकतात त्या, म्हणून तुम्हीच समजवा.

पुन्हा ता. क. : समजवू नका. आत्ताच काकूंशी फोनवर बोलले. येते म्हणाल्या. गाठ होती तेवढीच आहे, पण दारू फार छान जमली होती, असं तुम्हाला सांगायला सांगितलंय.