चंदाचा होणारा चेहरा

अकोला

भागीरथे, तुझ्या मोठ्या बहिणीचा तुले पोटभर आशीर्वाद.

फोनवर तुले ऐकू येत नाही, म्हणून पत्र. मी बोलून राहिली, माझी चंदा लिहून राहिली. आमी खुशाल आहो. तुझे गुडघे कसे आहेत? अचलपूरले थंडी पडली काय?

नात प्राजक्ताचं लग्न ठरलं. नवरीच्या मायले नवरीपेक्षा तरणं दिसायचं आहे, म्हणून चंदा ऑपरेशन करून तोंडाच्या सुरकुत्या ओढून घेणार आहे. तिले बीपी आहे, पण डॉक्टरपासून लपवलं. गोळी खाऊन गेली, मशीनमध्ये बरोबर आलं. हे लिहायले तिनं लय वेळ लावला.

काल डॉक्टरनं कॉम्प्युटरवर तिचा होणारा चेहरा दाखवला. एक सुरकुती नाही. आपण दोघींनी मायले शेवटची आंघोळ घातली, तवा तिच्या तोंडावरच्या सुरकुत्या आपोआप गेल्या होत्या, आठवते? तोच चेहरा होता, फक्त डोळे उघडे. माझा हात ते मिटायले कॉम्प्युटरच्या काचेवर गेला. चंदा हसली, "माय, काच काहून पुसून राहिली?" मी म्हटलं, धूळ आहे.

खरं तिले आत्ता, लिहितानाच समजलं. पेन थांबवून तिनं गाल चाचपला. मग म्हणे, "उद्या डॉक्टरले बीपीचं सांगीन." मी म्हटलं, हेही लिही, मावशीपुढं पलटता येणार नाही.

लिहिलं तिनं. पण हात थंडगार आहे तिचा. मी धरून बसली आहो.

सही येत नाही, अंगठा लावला.
तुझी मैना